दुसऱ्या डोळ्यांसाठी थांबलेली पानं

आबा,

अक्षराचा खिळा जुळणीच्या पट्टीत बसताना होणारा तो बारीक टिक् आवाज मला अजून ऐकू येतो. साताऱ्याच्या छापखान्यात तुम्ही खिडकीशी उभे, खणाखणांच्या पेटीतून शिशाचं एकेक अक्षर उचलताय, आणि मी शाळेतून येऊन कागदाच्या गठ्ठ्यावर बसून नवी कविता चालीत म्हणतोय. तुमचा हात माझ्या चालीवर पडतो असं मला तेव्हा वाटे. कदाचित तो आपल्याच लयीत पडत असेल. पण त्या आवाजाशिवाय मला एकही कविता नीट पाठ झाली नाही, एवढं खरं.

आता मी सीवूड्सला मुलाकडे असतो. सकाळी खाडीकडे फेरी, दुपारी लॅपटॉप. जगभरातली माणसं मिळून कॉम्प्युटरवर लिहिण्याचा एक प्रोग्रॅम बनवतात आणि फुकट वाटतात, त्याला मालक नाही. तो कसा वापरायचा हे सांगणारी त्यांची वेबसाइट आहे, आणि तिची मराठी पानं मी लिहितो. पगार नाही, पानावर नाव नाही. तुमचं तरी कुठं येत होतं? नियम मात्र तुमच्यासारखाच आहे: ज्यानं पान लिहिलं त्यानं ते पास करायचं नाही. मराठी येणाऱ्या दुसऱ्या कुणी ते वाचायचं, मगच ते लोकांना दिसतं. आधी पुण्याची एक मुलगी वाचायची. माझं पहिलं पान पाहून तिनं लिहिलं, ‘आजोबा, वाचायला फार गोड आहे, पण बटण कुठलं दाबायचं?’ फाइल साठवण्याच्या पानावर मी मेघ आणि तळं आणलं होतं. तिनं तळं बुजवलं, बटण ठेवलं. दोन दिवस मी फुगून बसलो, मग पटलं. त्याच पानाखाली वाईकडच्या एका शाळेतल्या बाईंनी लिहिलं, ‘हे वाचून मीच शाळेच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम बसवला, कुणाला बोलवावं लागलं नाही. मुलं आता कविता टाइप करतात.’ आबा, ते वाक्य मी हॉलमध्ये एकट्यानं, मोठ्यानं वाचलं.

ती मुलगी नोकरीत गुरफटली आणि तिचं वाचणं सुटलं. माझी पानं रांगेत पडून आहेत. परवा साइटची व्यवस्था बघणाऱ्या परदेशातल्या बाईंचा निरोप आला, अगदी सौम्य शब्दांत: महिनाअखेरपर्यंत मराठी वाचणारं दुसरं कुणी मिळालं नाही, तर मराठी पानं साइटवरून काढून ठेवावी लागतील. जुनी, न सुधारलेली पानं लोकांना चुकीच्या वाटेला लावतात. म्हणणं बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं. वाईकडच्या बाईंना उद्या तिथं फक्त इंग्रजी दिसणार.

मुलगा महाप्याला आयटीत आहे. जेवताना त्याला सांगितलं.

“टेन्शन काय घेता बाबा? माझ्या नावानं अकाउंट काढतो. पास करायचं बटन तुम्हीच दाबा.”

“आणि वाचणार कोण?”

“तुम्हीच लिहिलंय ना? पाठ असेल तुम्हाला.”

“पाठ आहे, तीच तर अडचण आहे. तू वाच.”

“मी? मराठी? एक पान वाचेपर्यंत दिवाळी येईल!” सून ठसका लागेपर्यंत हसली. मुलानं अकाउंट मात्र काढून ठेवलं. दुसऱ्या दुपारी ते माझ्यासमोर उघडंच होतं. पानामागून पान, एकेक बटण, आणि मराठी जागच्या जागी राहिली असती.

तेव्हा तो दिवस आठवला. शाळेच्या गॅदरिंगची कवितांची पुस्तिका तुम्ही जुळवलीय, प्रूफ वाचणारे मालक तापानं पडलेत, आणि आमचे हेडसर दारात उभे राहून म्हणतायत, “अहो, छापा आता, पोरं खोळंबलीत.” तुम्ही यंत्राला हात लावत नाही. मी मध्ये तोंड घातलं, “आबा, तुम्हाला तर सगळ्या पाठ आहेत.” तुम्ही सरांच्या देखत म्हणालात, “पाठ आहेत म्हणूनच मला चूक दिसणार नाही. मला कागदावरचं दिसत नाही, मनातलं दिसतं. कळत नसेल तर गप बसावं.” आणि प्रूफ सरळ सरांच्या हातात दिलंत. सर टोपी काढून पायरीवर बसले आणि वाचू लागले. त्यांना चूक सापडली का, आठवत नाही. माझे तापलेले कान तेवढे आठवतात.

मुलाचं अकाउंट मी बंद केलं आणि माणूस शोधायला निघालो. ज्येष्ठांच्या कट्ट्यावर विचारलं. “देतात किती?” “काही नाही.” “मग तुम्हाला कुणीतरी फसवतंय, साहेब!” लिफ्टमध्ये ‘मराठी वाचणारं माणूस पाहिजे’ असा कागद लावला, तर तो सोसायटीच्या कमिटीवरच्या ताईंनी काढला. त्या मूळच्या इथल्याच सारसोळे गावच्या, आवाज खणखणीत. कागद माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, “काका, परवानगीबिगर कागद लावायचा नाय. आनि मराठी वाचनारं मानूस पायजे म्हंजे? आख्खी बिल्डिंग मराठी हाय, वाचायला कोन बसलंय?” मी म्हटलं, “तेच तर.” त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला आणि त्या निघून गेल्या.

पण मी सोडणार नाही. उद्या नेरुळच्या वाचनालयात जाईन, तिथं नाही जमलं तर शाळांच्या स्टाफरूममध्ये. दारोदार जाईन, पण माझी पानं मी पास करणार नाही. तुम्ही आता आहात तिथं पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक कबूल करून टाकतो. मी माणूस शोधतोय खरा, पण तो सापडेल याची मला भीती वाटते. या वयात कुणी समोर बसून ‘हे कळलं नाही’ म्हणणार, आणि ते पान अजून माझ्या मनात अगदी सुरेख आहे.

एवढं लिहिलं आणि बेल वाजली. दारात त्याच ताई, हातात चष्म्याचं घर. “ते वाचायचं ऱ्हायलंय ना तुमचं? चारला कमिटीची मीटिंग हाय, तवर मोकळी हाय मी. पन आधीच सांगते, नाय समजलं तर तोंडावर सांगनार.” त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं आणि चहाचं आधण ठेवायच्या निमित्तानं आत येऊन हे चार शब्द लिहितोय. बाहेरून हाक आलीच.

“ओ काका, ही पैली ओळच नाय समजली. या बघू इकडं.”