भुऱ्याची मिनिटं

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी ८ वाजून १० मिनिटे.

न्हावऱ्यात सत्यजीत भाऊंच्या ओट्यावर बसून भाकरीचे एकसारखे वीस तुकडे करत होतो. तेवढ्यात त्यांच्या कुत्र्यानं, भुऱ्यानं, मागून येऊन माझ्या मानेला गार नाक लावलं. ओळख झाली.

उसाच्या कडेचं सुटं, नीटनेटकं घर आहे. मला गोठ्याशेजारची खोली, पंखा, दोन वेळचं जेवण, आणि काम आवडीचं. वाघोलीला कुत्री सांभाळायच्या ठिकाणी दोन वर्षं होतो, तिथंच हे शिकलो. काल केडगावहून निघताना चांदभाई मामू म्हणाले, की लोकांच्या पोरांना साळंत मास्तर न्हाई आन् आमचा अलीम कुत्र्याची बालवाडी काढायला निघाला. अम्मी हसली, पण कुत्र्याला लागलेले कपडे वेगळे धुवायला बजावलं.

अडचण अशी आहे. भाऊ रांजणगावला कंपनीत, अनिता वहिनी शिरूरला बँकेत. आठ ते सहा घरात कोणी नसतं. भाऊंचे वडील, सर्जेराव आबा, सप्टेंबरात वारले. भुऱ्या दिवसभर त्यांच्याच पायाशी असायचा. आता एकटा राहिला की रडतो, दाराला नखं मारून रक्त काढतो. शेजारचे बाळासो रात्रपाळीचे, दिवसा झोपणारे. त्यांनी सांगून ठेवलंय, की पंधरा तारखेपर्यंत बघीन, न्हाईतर पोत्यात घालून दौंडच्या पल्याड सोडून येईन. भाऊंनी हो म्हटलंय. भुऱ्याचं वय अकरा. तिकडच्या कुत्र्यांत तो एक दिवस टिकणार नाही.

पद्धत इथं लिहून ठेवतो, म्हणजे चुकणार नाही. बाहेर जाऊन कडी लावायची. एका मिनिटानं परत यायचं, उंबऱ्यावर तुकडा ठेवायचा. मग दोन मिनिटं, मग पाच, मग दहा. रडत असताना दार उघडायचं नाही. गप्प झाला की मगच. रडला तर पुन्हा पहिल्यापासून.

आज सहा वेळा केलं. सहाही वेळा चाळीस सेकंदांत रडला.

बुधवार, ५ नोव्हेंबर. दुपार.

प्रगती नाही. मग वाघोलीचा उपाय आठवला. ज्या माणसाची आठवण येते त्याचं अंगावरचं, न धुतलेलं कापड जवळ ठेवायचं. वासानं जनावर निवांत होतं.

वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, आबांचे कपडे दहाव्याच्या आतच घराबाहेर गेले, चिंधीसुद्धा ठेवली नाही, ठेवत नसतात. तेवढ्यात भाऊंना आठवलं, की दवाखान्यातून दिलेली पिशवी अजून गाडीच्या डिकीतच आहे. तिच्यात आबांची बंडी निघाली. शेवटी अंगातून काढलेली. वहिनी म्हणाल्या, घरात नको. मी म्हणालो, आठच दिवस, भुऱ्यासाठी. भाऊ माझ्या बाजूनं बोलले.

बाहेरच्या खोलीत आबांची बाज आहे. तिच्यावर बंडी पसरली. भुऱ्यानं ती हुंगली आणि खाली पडून राहिला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.

एक मिनिट, गप्प. दोन मिनिटं, गप्प. पाच, दहा, वीस, गप्प. मी ओट्यावर एकटाच हसत होतो. बाळासो लुंगीवर बाहेर आले आणि म्हणाले, की मेलं का काय बेणं? मी म्हणालो, शिकलं. ते म्हणाले, मग माझ्या पोरालाबी दे एक तुकडा.

शनिवार, ८ नोव्हेंबर. दुपार.

भाऊंचा जुना मोबाईल फळीवर लावलाय. त्यातलं चित्र मला बाहेर माझ्या मोबाईलवर दिसतं. पाऊण तास ठेवलं. भुऱ्या झोपला नव्हता. बाजेकडं तोंड करून बसला होता आणि शेपटी हलवत होता.

अठराव्या मिनिटाला त्याच्या डोक्यावरचे केस मागं चपटे झाले. पुन्हा वर आले. पुन्हा चपटे झाले. कपाळापासून मानेपर्यंत, सावकाश. पंखा बंद होता.

मोबाईल हलका आहे, चित्र कधी कधी फाटतं. तसं असेल.

सोमवार, १० नोव्हेंबर.

दोन तास. गप्प. आत गेलो तर बाजेची दोरी मधोमध खाली गेलेली. हात लावला. कोमट होती. भुऱ्या तर फरशीवर होता.

धारेला येणाऱ्या अनसाबाईंना बंडी दिसली. त्या उंबऱ्याच्या आत आल्याच नाहीत. म्हणाल्या, मेल्या माणसाचं कापड पसरून ठिवणं म्हंजी त्याला बस म्हनल्यागत हाय रं बाबा. आन् बसल्याला उठीवणार कोण? दूध ओट्यावरच ठेवून गेल्या.

बुधवार, १२ नोव्हेंबर.

आज ठरल्या वेळेआधी आत गेलो. चार तास ठरवून तीन तासांनी. दार आतून कोणीतरी धरल्यासारखं घट्ट होतं. मग सुटलं. भुऱ्या माझ्यावर गुरगुरला. पहिल्यांदाच.

वही चाळली. मी एक मिनिट बाहेर होतो तेव्हा आत एक मिनिट मिळालं. मी दहा दिली, दहा मिळाली. आज तीन तास. भुऱ्याला एकटं राहणं मी शिकवलंच नाही. तो एकटा नव्हताच. मी रोज थोडं थोडं जास्त वेळ दुसऱ्याच कोणाला तरी इथं बसायला —

भाऊंना सांगितलं, बंडी काढू. ते म्हणाले, कुत्रं गप्प झालंय ना, मग कशाला हात लावतोस? उद्या ते आणि वहिनी दौंडला लग्नाला जाणार आहेत. शुक्रवारी रात्री येतील. मला म्हणाले, उद्या अख्खा दिवस ठेवून बघ.

ठेवणार नाही. बंडी नदीत सोडायची आणि भुऱ्याला केडगावला न्यायचं. अम्मी ओरडेल. ओरडू दे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. सकाळी ९.२०.

ते गेले. बंडी घ्यायला आत आलो. बंडी बाजेवर नाही. मागं दार लागलं. कडी बाहेरून.

माझा मोबाईल ओट्यावर राहिला. फळीवरच्या मोबाईलला सिम नाही, पडदा बोटाला दाद देत नाही, नुसता कॅमेरा चालतो. खिडकीला गज. ही वही खिशात होती.

९.३५

ओरडलो. बाळासोंना हाका मारल्या. कोणी आलं नाही. दमून गप्प बसलो. एक मिनिट झालं असेल — दार उघडलं. बाहेर कोणी नाही. उंबऱ्यावर भाकरीचा तुकडा.

मी पळालो असतो. पण भुऱ्या उठेना. पट्टा धरून ओढलं. त्याला सोडून कसं — दार लागलं.

९.५०

पुन्हा ओरडलो. ओरडेपर्यंत काहीच नाही. गप्प झालो. दोन मिनिटं. उघडलं. तुकडा. भुऱ्याला उचलला, तो हाताला चावला, मी सोडला — लागलं.

१०.१५

पाच. उघडलं होतं. एकटा जाऊ शकलो असतो. गेलो नाही. तुकडा उंबऱ्यावर नाही. तोंडात मीठ लागतंय. मी खाल्ला. कधी —

फळीवरच्या मोबाईलचा दिवा लागलाय. बाहेर कोणीतरी माझ्या मोबाईलवर बघतंय.

१०.४०

दहा. मध्ये खोकल्याचा आवाज, ओट्यावरून. म्हाताऱ्या माणसाचा. मी रडलो. मग पुन्हा एक मिनिटापासून.

दुपारी १

वीस. गप्प राहिलो. लिहिलं की गप्प राहता येतं.

३.३०

तास झाला. अजून नाही. रडायचं नाही. रडलं की पहिल्यापासून. भुऱ्या शेजारी पडलाय. त्याचं डोकं माझ्या पायावर. आता गुरगुरत नाही.

कधी येणार —

४.१०

पावलं. ओट्यावर. भुऱ्यानं कान टवकारले, शेपटी हलवली. कडी वाजते आहे. मला इतकं बरं वाटतंय, की मी पण उठून दारापाशी —