झाकणाच्या आतली खूण

३ फेब्रुवारी

भिंतीवरचं ठोक्याचं घड्याळ गेलं. लिलाव संपता संपता दोघे जण इरेला पेटले आणि भाव असा चढला, की मी फोन हातात धरून उभीच राहिले. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "घेणारा चावी देईल ना रोज?" भावाचं कौतुक नाहीच!

दुकान बंद केल्यापासून मागच्या खोलीत घड्याळांचे खणच्या खण पडून आहेत. मेलेली घड्याळं विकत घ्यायची आणि जिवंत करायची, ही ह्यांची जन्माची खोड. आता हात थरथरतात. शर्टाची बटणं मी लावते, चहा अर्धा कपच देते. "खणात मरण्यापेक्षा कुणाच्या तरी मनगटावर चालू देत," असं तेच म्हणाले, म्हणून हा लिलावाच्या साईटचा उद्योग.

दुकानात गल्ल्यावर मी असायचे. माणूस दारातून आत आला की कळायचं, हा काम देणार की नुसतीच किंमत विचारून जाणार. इथे गिऱ्हाईकाला तोंडच नाही. नुसती टोपणनावं — राजहंस, घड्याळवेडा, एकटाजीव.

८ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या पोलीसबाई वर आल्या होत्या. पोलिसात कधीच नव्हत्या, बँकेत होत्या. पण संशय घ्यायची हातोटी अशी की नाव पडलं ते पडलंच. मी लिलाव करते कळल्यावर हातातली पिशवी खाली न ठेवता उभ्या उभ्या शिकवणी घेतली. पैसे आपल्या खात्यात आपल्या डोळ्यांनी दिसेपर्यंत पुडकं हलवायचं नाही. साईटच्या बाहेर बोलणं नाही, व्यवहार तर नाहीच. पैसे घ्यायला पासवर्ड लागत नाही — जो मागतो तो चोर. घाई करतो तो चोर. गोड बोलतो तो त्याहून मोठा.

"आणि साधं बोलणारा?" मी विचारलं.

"त्याच्यावर तर डोळा ठेवा."

११ फेब्रुवारी

आलाच एक! राजहंसाने गजराचं घड्याळ जिंकलं आणि लगेच पैसे भरल्याचा फोटो धाडला. "ताई, आजच कुरिअर करा, आई फार आजारी आहे." आजारी आईला गजर कशाला? खातं पाहिलं, ठणठणगोपाळ. लिहिलं, "पैसे दिसले की पाठवते." राजहंस उडाला तो उडालाच.

१५ फेब्रुवारी

आज दुसरी तऱ्हा. एकाने 'चुकून' जास्त पैसे भरले म्हणे, वरचे तेवढे परत करा. बँकेचा म्हणून आलेला मेसेज इतका खरा होता की मी परत करायला बसलेच होते. पोलीसबाईंनी नुसता नंबर बघून सांगितलं, ही बँक नाही. "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं," म्हणाल्या आणि माझ्या वाट्याची बिस्किटंही संपवली.

हे हसले. बऱ्याच दिवसांनी.

१९ फेब्रुवारी

पोलीसबाईंची नवी धास्ती — चांगली वस्तू ठेवून घ्यायची, तशीच दिसणारी मोडकी परत पाठवायची आणि वर पैसे परत मागायचे. "तुमचं घड्याळ तुमचंच, कशावरून?"

म्हटलं, खुणेवरून. ह्यांनी उघडलेल्या प्रत्येक घड्याळाच्या मागच्या झाकणात, आतल्या बाजूला, सुईने काढलेली एक आडवी रेघ असते आणि तिच्यावर टिंब. केसाएवढीच, पण पट्टीने मारल्यासारखी सरळ. ह्यांच्या उस्तादांनी घालून दिलेला नियम: घड्याळाला हात लावला की खूण करायची. जमलं तरी करायची, बिघडलं तरी करायची. पुढे जो उघडेल त्याला कळलं पाहिजे, आधी कुणाचा हात होता. विक्रीच्या माहितीतही मी ते अभिमानाने लिहिते — आत कारागिराची खूण, रेघ व टिंब.

"मग झाकण उघडून फोटो काढून ठेवा," पोलीसबाई म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. ह्यांना सांगायला गेले तर आवाजच चढला. "उगाच उघडायचं नाही! धूळ जाते."

बरं बाबा. राहिलं.

२४ फेब्रुवारी

दुपारी मागच्या खोलीत डोकावले तर हे गुडघ्यांवर बसून फरशीवर चुंबक फिरवत होते. काय हरवलं, विचारलं. "काही नाही. चावी देत होतो." चावी दिल्यावर चुंबक कशाला लागतं कोण जाणे. उठायला हात दिला.

रोज दुपारी जेवण झालं की तिथे जाऊन बसतात, दार लोटून. बसू देत. माणसाला जागा लागते बसायला.

२ मार्च

मोठ्या सेकंदकाट्याचं मनगटी घड्याळ गेलं. दुकान बंद होता होता ह्यांनी हे कुठून तरी आणलं होतं. दुरुस्त कधी केलं ते माझ्या लक्षात नाही, पण पुडकं बांधताना कानाला लावून पाहिलं, छान चालत होतं. घेणारी नर्स आहे. "नाडी मोजायला सेकंदकाटा ठळक हवा, म्हणून घेते," असं लिहिलं होतं. पैसे खात्यात आले, डोळ्यांनी पाहिले, मग कुरिअर.

ह्यांना म्हटलं, आजाऱ्यांची नाडी मोजणार तुमचं घड्याळ. मान हलवली. मग विचारलं, "कोणतं?" सांगितलं. "ते नको होतं द्यायला," म्हणाले. जीव अडकतो माणसाचा, दुसरं काय.

१० मार्च

नर्सबाईंचा मेसेज. घड्याळ थोडं चालतं आणि थांबतं. तिकडच्या कारागिराला दाखवलं. आतली केसासारखी स्प्रिंग चिमटली गेलीय म्हणे. "परत घ्याल का? राग नाही. सोबत आतला फोटो."

ना घाई, ना गोड बोलणं. साधं. पोलीसबाई आठवल्या.

फोटो मोठा करून पाहिला. रेघ आहे, टिंब आहे. पण ती रेघ म्हणायची? गांडूळ! टिंब तर वर नाहीच, बाजूला कुठेतरी घरंगळलंय. क्षणात उजेड पडला. खुणेचं मीच माहितीत लिहिलं होतं. ते वाचून बाईंनी मोडक्या घड्याळात तशीच काढायला घेतली आणि साधली नाही. आमचं घड्याळ ठेवून घेतलं आणि हे गळ्यात मारतेय.

पोलीसबाईंना वर बोलावून दाखवलं. "चोराच्या उलट्या बोंबा," त्या म्हणाल्या. दोघींनी मिळून साईटवर तक्रार केली. नर्सबाईंनाही लिहिलं — आमच्या घरची खूण अशी नसते. ज्यांचा हात आहे, त्यांची रेघ जन्मात वाकडी गेलेली नाही.

लिहून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं.

११ मार्च

जेवताना ह्यांना सांगितलं. हसत हसतच सांगितलं — तुमची खूण काढायला गेली आणि गांडूळ काढून बसली, शेंबडं पोर बरं काढेल! फोटोही दाखवला.

हे हसले नाहीत. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग चमचा ताटात ठेवला.

"कितीसं चालून थांबतंय?"

"अहो, ते आपलं घड्याळच नाही."

"परत मागव. मी बघतो."

"तुम्ही काय बघणार आता?"

बोलून गेले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. लगेच वाईट वाटलं, पण तोंडातून गेलं ते गेलं. सारवासारव करायला म्हटलं, तुमच्या नावासाठीच करतेय ना हे सगळं? आपल्या दुकानातून गेलेलं घड्याळ रडत परत आलंय कधी?

"नाही आलं," म्हणाले. ताट तसंच ठेवून उठले.

१६ मार्च

निकाल आमच्या बाजूने लागला. नर्सबाईंचं खातं साईटने बंद केलं. त्याआधी त्यांचा एक मेसेज येऊन पडला होता — "बाई, मी कुणाला फसवत नाही. राहू दे घड्याळ माझ्याकडेच." वाचला आणि पुसून टाकला. पोलीसबाईंनी पाठ थोपटली. "आता तुम्ही तयार झालात," म्हणाल्या.

ह्यांना सांगितलं, तुमचं नाव राखलं. खिडकीतून बाहेर बघत होते. ऐकलं की नाही, कळलं नाही.

१८ मार्च

हे मागच्या खोलीत जात नाहीत. दुपारभर पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. विचारलं तर म्हणे, "झोप येते." झोपलेले नसतात. एवढी वर्षं शेजारी झोपतेय, मला कळत नाही का?

लेकीला फोन लावून दिला. "बरा आहे" म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. "बाबांचं काय बिनसलंय गं?" लेक विचारत होती.

२० मार्च

चावी देणारं कोणी नाही, तर घड्याळं एकेक करून थांबली. घरात इतकी शांतता कधीच नव्हती. मला ती सोसत नाही, हेही आजच कळलं.

पुढची चार घड्याळं लिलावाला लावायची आहेत. पण आता खुणेचा फोटो काढल्याशिवाय एकही घराबाहेर काढणार नाही. दुधाने तोंड पोळलंय, ताकही फुंकून पिणार. उद्या धाकटे दीर ह्यांना डॉक्टरांकडे नेणार आहेत. तेवढ्यात उघडते. चिकट रबरी चेंडू झाकणावर दाबून फिरवला की झाकण सुटतं, गल्ल्यावर बसून हजारदा पाहिलंय. धूळ गेली तर जाऊ दे.

२१ मार्च

चेंडूने झाकण सुटलं. आत ह्यांची जुनी रेघ, पट्टीने मारल्यासारखी. तिच्याखाली दुसरी. ताजी, चकचकीत. गांडूळ. टिंब बाजूला. दुसरं घड्याळ उघडलं, तिसरं उघडलं, चौथं उघडलं. सगळ्यांत.

साईटला लिहिलं, तक्रार खोटी होती, त्या बाईंचं खातं सुरू करा. कुरिअरच्या चिठ्ठीवर नंबर होता, नर्सबाईंना फोन केला. माफी मागितली, पैसे पाठवते म्हटलं, घड्याळ मागितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "फार थरथरतो का हो त्यांचा हात? ती रेघ बघून मला वाटलंच होतं."

हे आले तेव्हा झाकणं लावून झाली होती. टेबलाकडे बघत म्हणाले, "उघडलंस काही?"

"छे. धूळ जाते." मग म्हटलं, "नर्सबाईंचं घड्याळ परत मागवलंय. बघाल का जरा?"