मामांच्या गुडघ्याचा पुरावा

तीर्थरूप मामांच्या चरणी भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची खुशाली काल फोनवर कळली (मलाच नव्हे, खोलीतल्या सगळ्यांना कळली, त्याबद्दल पुढे लिहितेच). इकडे आम्ही ठीक आहोत. 'बरे आहोत' असे लिहिणार होते, पण तो शब्द सध्या आमच्या घरातून हद्दपार झाला आहे. सासूबाईसुद्धा सकाळचा चहा पिऊन 'आता बरं वाटलं' म्हणत नाहीत, नुसता सुस्कारा सोडतात.

याला कारण पुरावाबाई. या तपासणी खात्याच्या बाई. वाक्य कोणतेही असो, ऐकून झाले की 'पुरावा?' एवढेच विचारतात, म्हणून आम्ही त्यांना मागून असे म्हणतो (समोर 'मॅडम' म्हणतो, तेही हळू). ह्यांनी रसायनशास्त्र शिकवायची नोकरी सोडली आणि मागच्या खोलीत चेहऱ्याचा लेप आणि जवसाची पौष्टिक पूड करायला घेतली, तेव्हा आमची समजूत अशी होती की माल चांगला असला की झाले. बाईंनी पहिल्याच भेटीत ती समजूत काढून टाकली. लेपाने चेहऱ्यावर राहायचे, पुडीने पोटात जायचे, आणि दोघांनीही कुणालाही बरे करायचे नाही. बरे करते ते औषध. औषध म्हटले की वेगळी परवानगी, वेगळी खोली, वेगळा तज्ज्ञ आणि (ह्यांचा तेव्हाचा चेहरा पाहता) बहुधा वेगळा नवरा.

आणि आमच्या पुडीच्या डब्यावर ठळक अक्षरांत काय होते, तर 'रोज एक चमचा घ्या, बरे वाटेल.' ह्यांनी वाद घातला, की 'बरे' म्हणजे फार काही नव्हे. मुलगा बरा आहे असे आपण म्हणतो, म्हणजे कसाबसा चालेल इतकाच. बाईंनी ह्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाल्या, "हो, तो अर्थ लक्षात आला. तरी शब्द काढा." लेपावर 'त्वचा तजेलदार होते' असे होते. तिथे 'होते' चालणार नाही, 'दिसते' चालेल. मामा, या एका क्रियापदाने आमच्या संसारात जो गोंधळ घातला आहे तो काय सांगू. सासूबाई पातेल्यात डोकावून म्हणतात, भाजी शिजलेली दिसते, शिजली का ते मी सांगू शकत नाही. ह्यांनी 'आज छान दिसतेस' म्हटले, तर मी विचारले, नुसती दिसते का? तेव्हापासून खात्याला घाबरून त्यांनी कौतुकच बंद केले आहे.

मग जुनी लेबले गरम पाण्यात भिजवून नखांनी खरवडणे आले. तुम्हाला पाठवलेले दोन डबे त्याच धांदलीतले, म्हणून उघडेबोडके. कोणता कोणाचा हे कळावे म्हणून ह्यांनी झाकणांवर खडूने 'मामा' आणि 'मामी' असे लिहिले होते. मामांना पूड, मामींना लेप.

काल शेवटची तपासणी होती. बाईंनी चाळण्या पाहिल्या, ओट्याखाली वाकून पाहिले, आमची नखे पाहिली. सगळे पसंत पडले. पेनाचे टोपण निघाले, सहीची जागा सापडली, आणि तुमचा फोन आला. सासूबाईंना कमी ऐकू येते, म्हणून त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. "विहीणबाई, गुडघा ठणठणीत बरा झाला. जिना चढतो आता. अहो, पूड कसली, औषध आहे ते औषध. आणि दुधातून घेतली की गुलाबाचा वास काय येतो." बाईंनी टोपण परत लावले. हे चटकन म्हणाले, राँग नंबर आहे. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "जावईबापूंनाही नमस्कार सांगा."

आता परवानगी अडकली आहे. या पुडीने गुडघा बरा झाला की नाही, हे त्या गृहस्थांनी स्वतः लिहून द्यावे, असे बाईंचे म्हणणे आहे. झाला म्हणालात, तर आम्ही औषधवाले ठरतो, मागच्या खोलीला कुलूप लागते आणि हे पुन्हा मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहतात. पण खरे सांगू? तुम्ही जिना चढता हे ऐकून मला आनंदच झाला. टोपण लागताना मी हसत होते, आणि बाईंनी ते पाहिले.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची भाची

ता. क. खोटे लिहा असे मी कधीच म्हणणार नाही, कारण तुम्ही ऐकणार नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

ता. क. २. रात्रभर तो गुलाब डोक्यात घोळत होता. मामा, आमच्या पुडीत गुलाब नाही. गुलाब लेपात आहे. सकाळी सासूबाईंना विचारले, तर त्या अभिमानाने म्हणाल्या, की झाकणांवर कुणीतरी खडूने घाण केली होती, ती मी स्वच्छ पुसली आणि मग डबे बांधले. म्हणजे इतके दिवस तुम्ही चेहऱ्याचा लेप पीत आहात. घाबरू नका, त्यात मसुराचे पीठ आणि वाळलेल्या गुलाबपाकळ्या आहेत, दुसरे काही नाही. तेव्हा कृपा करून एवढेच लिहून पाठवा: 'मी ही पूड आजवर चाखलेलीसुद्धा नाही.' अक्षर न् अक्षर खरे आहे. लेपाबद्दल बाईंनी विचारलेले नाही.

ता. क. ३. मामी जवसाची पूड तोंडाला फासताहेत हे त्यांना तूर्त सांगू नका. शेजारीण म्हणाली असे तुम्हीच फोनवर सांगितलेत ना, की त्या दहा वर्षांनी लहान दिसतात? दिसतात म्हणायला हरकत नाही.

ता. क. ४. गुडघा खरोखर बरा असेल, तर उरलेला लेप दुधातून चालू ठेवा. हे मी भाची म्हणून लिहिते आहे, उत्पादक म्हणून नाही. वाचून झाल्यावर कागद फाडा.