बारगाडीवरची आगंतुक आत्या

मिनीआपोलिस,
सोमवार, सकाळची दुसरी कॉफी

प्रिय ताई,

तुझ्या गुडघ्याची सूज उतरली असेल, मांजराने गोळी गिळली असेल आणि तुमच्या फर्गस फॉल्सची थंडी एकदाची माघारी गेली असेल, असं धरून लिहायला बसले आहे. मी बरी आहे. (आपण दोघी एरवी म्हणतो तशी बरी नव्हे, खरोखरच बरी. मांड्या सोडून. मांड्यांचं पुढे येईलच.) तुझ्या शेजारच्या फ्लॅटचा नकाशा मिळाला. ओटा कुठे, पलंग कुठे, माझी खुर्ची कुठे ठेवली म्हणजे तुला खिडकीतून दिसेल, सगळं तू रंगीत पेन्सिलींनी काढून पाठवलंस. हार्लन गेल्यापासून तू माझ्यावर जेवढा जीव पाखडलास तेवढा कुणी पाखडला नाही, आणि हे मी तोंडावर कधी म्हटलं नाही म्हणून इथे लिहून ठेवते. तुमचा गॉर्डी महिनाअखेर ट्रक घेऊन माझं सामान न्यायला येणार, असंही तू कळवलंस. फोनवर मी 'बघू' म्हणाले होते, तू ते 'हो' धरलंस. तुझी चूक नाही. आपल्याकडे होकाराला आणि नकाराला मिळून तेवढा एकच शब्द आहे. तर फ्लॅटचं शेवटी लिहिते. आधी शनिवारी काय झालं ते वाच.

आमचं चर्चमधलं सोबत मंडळ तुला माहीत आहे. दोन वर्षं आम्ही दर गुरुवारी तळघरात बसून फिकी कॉफी पितो आणि आपापल्या गेलेल्या नवऱ्यांची स्तुती करतो. (व्हर्नाने तिचा नवरा जिवंत असताना त्याच्याविषयी एक बरा शब्द काढला असेल तर शपथ.) एका गुरुवारी पाद्री लोवेलना एकाएकी वाटलं की या बायकांना मोकळ्या हवेची गरज आहे, आणि त्यांनी एक बारगाडी ठरवून टाकली. ही चीज तुमच्याकडे नाही म्हणून सांगते. मधोमध लांबलचक बार, दोन्ही बाजूंना सायकलच्या बैठका, खाली पायडलं आणि वर छप्पर. बसलेल्यांनी पायडल मारायचं, बिअर प्यायची आणि गाणी म्हणायची. ब्रुअरी, म्हणजे बिअर गाळायचा कारखाना, आली की उतरायचं, आत आणखी प्यायची आणि पुन्हा चढायचं. पुढचा गाडीवान नुसती गाडी वळवतो आणि ब्रेक दाबतो. तो पीत नाही, कारण एवढ्या जणांत एकाने तरी शुद्धीवर असावं. आमच्या भागातल्या जुन्या कारखान्यांत चित्रकार आणि कुंभार राहायला आल्यापासून शनिवारी या गाड्या कळपाने फिरतात, आणि मी इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्याकडे बघून नाक मुरडत आले आहे. नाक मुरडायला बरं पडावं म्हणून पडदाही थोडा बाजूला करायची.

आपल्या घराण्याच्या सवयीप्रमाणे मी वेळेच्या बरीच आधी पोहोचले. जुन्या गादी कारखान्यापुढे दोन बारगाड्या उभ्या होत्या, एक रिकामी आणि एक भरलेली. मी लिंबाच्या वड्यांचा डबा सांभाळत भरलेलीवर चढले. चेहरे अनोळखी होते, पण दुसऱ्या चर्चमधल्या दुःखी लोकांनाही बोलावतो असं पाद्रीबुवा म्हणाले होते. इतकी तरणीताठी माणसं आणि सगळी विधवा-विधुर, हे बघून मला गलबलून आलं. सोल्वे नावाची एक गोड मुलगी शेजारी बसली होती. मी तिचा हात हातात घेऊन म्हटलं की फार सोसलंस गं, पण हेही दिवस जातील. ती म्हणाली, हो ना, नुसत्या तयारीतच जीव गेला. मला वाटलं, बिचारीचा नवरा बरेच दिवस अंथरुणाला खिळून असणार.

गाडीच्या मागच्या टोकाला बिनपायडलचा एक बाक असतो, वयस्कर आणि आळशी लोकांसाठी. सोल्वेने मला त्यावर बसा म्हटलं. मी रीतीप्रमाणे नको म्हटलं. तिने पुन्हा म्हटलं, मी पुन्हा रीतीप्रमाणे नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं की बसायचं हे मनात पक्कं होतं, पण तिने तिसऱ्यांदा तोंड उघडायला आणि गाडीवानाने घंटा वाजवायला एकच गाठ पडली. गाडी निघाली. अशा रीतीने तुझी बहीण या वयात पायडलवर आली, केवळ चांगल्या वळणामुळे. पहिल्या चौकाच्या आत कुणीतरी माझ्या गळ्यात पिवळा पट्टा घातला, आणि त्यावर 'सोल्वे आणि अँडर्सच्या लग्नाला फक्त बारा आठवडे' असं छापलेलं होतं.

आता तू म्हणशील, तिथल्या तिथे उतरायचं होतंस. कशी उतरणार? एकाने उघडून दिलेली बिअर हातात, गळ्यात पट्टा, माझ्या वड्या सगळ्यांच्या तोंडात. त्या वेळी 'मी तुमची कुणीच नव्हे' म्हणणं म्हणजे चांगल्या माणसांना अवघडून टाकणं. आणि ते तरी मला कसे विचारणार? वधूची मंडळी बेमिजीहून आलेली, वराची रोचेस्टरहून, एकमेकांची ओळख व्हावी म्हणून ही सहल. वधूपक्षाने मला वराची आत्या धरलं आणि वरपक्षाने वधूची मावशी. 'बाई, तुम्ही कोण?' असं तोंडावर विचारणारा माणूस आपल्या राज्यात अजून जन्माला यायचा आहे. मी दोन्ही बाजूंना मान डोलावत राहिले. (खोटं एक अक्षर बोलले नाही. मान डोलावणं म्हणजे बोलणं नव्हे, हे तूच मला लहानपणी शिकवलंस.)

पायडल मारण्याविषयी काय सांगू. ती बैठक मनुष्यप्राण्यासाठी केलेली नाही. रेल्वेपुलाखालचा चढ आला तेव्हा पुरुषमंडळी नुसती पाय टेकवून गप्पा मारत होती आणि गाडी मी आणि अँडर्सची आई डार्लीन अशा दोघींच्या जिवावर चालली होती, हे मी छातीठोकपणे सांगते. गाण्यांची पंचाईत झाली, कारण त्यांची मला एकही येईना. शेवटी मी सुगीच्या वेळचं आपलं स्तोत्र काढलं. ताई, तुझा विश्वास बसणार नाही, त्या पोरापोरींना त्यातले वरपासून खालपर्यंतचे चारही सूर येत होते. बिअरचे डबे वर धरून सगळी बारगाडी चर्चच्या गायकवृंदासारखी गाऊ लागली आणि पायडलं तालात पडून वेग एवढा वाढला की गाडीवानाने मागे वळून देवासाठी जरा हळू म्हणा असं विनवलं. त्याच वेळी समोरून आमची खरी गाडी आली. पाद्रीबुवा एकटे घामाघूम होऊन पायडल मारत होते आणि मंडळातल्या बाकीच्या बायका पाय वर घेऊन बोलत होत्या. व्हर्नाने मला पाहिलं, सलामासारखं एक बोट कपाळाशी नेलं आणि नजर वळवली. काल चर्चमध्ये म्हणाली, आम्हाला वाटलं तुझी दुसरी मंडळी असतील, उगाच कशाला मध्ये पडा.

पहिल्या ब्रुअरीतून निघून आम्ही दुसरीकडे जात होतो तर मध्ये रेल्वेचं फाटक पडलं. मालगाडी आली, तीही धान्याची, म्हणजे आता ख्रिसमसपर्यंत इथेच. सगळ्यांनी पाय सोडले. डब्यात एकच वडी उरली होती, आणि शेवटची वडी आपल्यात कोण घेतो? एकाने अर्धी कापून घेतली, दुसरीने उरलेल्या अर्धीची अर्धी. डबा दोनदा फिरून आला तेव्हा तळाशी वडीचा जो अंश शिल्लक होता तो मुंगीनेही ओशाळून परत केला असता. त्या खडखडाटात सोल्वे माझ्याकडे झुकली. डार्लीनने रोचेस्टरच्या घराचं तळघर दोघांसाठी तयार केलं होतं, लग्नानंतर तिथेच राहायचं होतं. सोल्वेचा छोटासा छापखाना इथे, गादी कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर. हाताने चालवायचं यंत्र, जन्मभराची हौस, आणि ते विकायला काढायचं होतं. तळघराचं विचारलं तेव्हा ती 'छानच कल्पना, विचार करण्यासारखी' एवढं म्हणाली होती, आणि पुढच्याच आठवड्यात तिथे गालिचा पडला. एवढं सांगून ती रडू लागली. बिअरमुळे नव्हे, मी ओळखते.

"आत्या, तळघर नको, हे त्यांना कसं सांगू?"

"नको म्हण."

"नुसतं नको?"

"पुढे 'तुमचे आभार' लाव. पण नको आधी."

हे मी असं ठणकावून सांगितलं की जणू जन्मभर हाच धंदा केला. ताई, हार्लनने मागणी घातली तेव्हाही मी 'बघू' म्हणाले होते. नशीब की तो धसमुसळा होता आणि त्याने लगेच अंगठी घातली. पण त्या गाडीवर मी कुणाची कुणी नव्हते, तेव्हा मला कसली भीड? सोल्वेने डोळे पुसले, बैठकीवरून उठून पायडलवर उभी राहिली आणि मालगाडीच्या आवाजावर आवाज चढवून ओरडली. नेमका त्याच क्षणी मालगाडीचा शेवटचा डबा निघून गेला. त्यामुळे साऱ्या रस्त्याला, फाटकामागच्या मोटारींना आणि कोपऱ्यावरच्या कुत्र्यालाही नीट ऐकू गेलं.

"डार्लीन, आम्हाला तळघर नको. तुमचे आभार."

सगळे आपापले बूट बघू लागले. डार्लीनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाली, "बरं. हे वेगळंच झालं." ('वेगळंच' म्हणजे काय ते तुला सांगायला नको. व्हर्नाने बटाट्याच्या कोशिंबिरीत मनुके घातले तेव्हा आपण तेच म्हणालो होतो आणि नंतर तिने वर्षभर काही करून आणलं नाही.) झालं! मोडलं लग्न, आणि मोडणारी मी, पाहुणी म्हणूनही न बोलावलेली. मग डार्लीनचे खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं रडते आहे, तर ती हसत होती. तळघर रिकामं करायला तिने आपलं शिवणयंत्र गॅरेजात टाकलं होतं, पोरांना तळघर हवं म्हणून. अँडर्स म्हणाला, त्याला वाटलं आईलाच तसं हवं. म्हणजे ते तळघर कुणालाच नको होतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचं मन राखायला तिथे गालिचा घालत होता. डार्लीनने वड्यांचा डबा पुढे ओढला, तळाशी उरलेला तो वडीचा अंश उचलला आणि सगळ्यांच्या देखत खाऊन टाकला. इतकं मोकळं झालेलं माणूस मी क्वचितच पाहिलं आहे.

शेवटच्या ब्रुअरीत मी मन घट्ट करून उभी राहिले आणि म्हटलं की मी कुणाची आत्या नाही, मावशी नाही, मी आर्डिस, चुकीच्या गाडीवर चढले, माफ करा. मग सोल्वे म्हणाली की पहिल्याच ब्रुअरीत दोन्ही बाजूंनी एकमेकांना हळूच विचारलं होतं आणि सगळ्यांना कळलं होतं, पण तुम्हाला वाईट वाटलं असतं. "तुम्ही कुणाच्याच नव्हतात," ती म्हणाली, "म्हणून तर तुम्हाला विचारता आलं." डार्लीनने मला मिठी मारली, आणि आपल्याकडे मिठी म्हणजे केवढी गोष्ट ते तू जाणतेस. घरी आले तेव्हा उजेड होता. जिन्याच्या पायऱ्या मी बसून बसून चढले आणि हार्लन गेल्यापासून पहिल्यांदा त्या घरात मोठ्याने हसले. त्या अनोळखी लोकांची मी किती ऋणी आहे हे मला नीट लिहिता येत नाही.

फ्लॅट खरंच सुरेख दिसतो. खिडकी पूर्वेला आहे, ओटाही बेताच्या उंचीचा आहे. बघू.

मांजराला माझ्याकडून कुरवाळ.

तुझी,
आर्डिस

ता. क. 'बघू' खोडणार होते, पण शाईने लिहिलं आहे. तर इथे लिहिते. नको, ताई. तुझे आभार. गॉर्डीला ट्रक आणू नको म्हणून सांग. मला इथेच राहायचं आहे. बुधवारी सोल्वेच्या छापखान्यात लग्नपत्रिकांना घड्या घालायला जायचं कबूल केलं आहे, आणि कबूल करताना मी चक्क 'हो' म्हटलं.

ता. क. २. लग्नाच्या यादीत त्यांनी मला अजून आत्याच ठेवलं आहे, बदलणं बरं दिसणार नाही म्हणून. सोबत एक माणूस आणता येतं. तू ये. आणि एक खरं सांग, तुला तरी मी शेजारी हवी होते का, की मी एकटी म्हणून तू आपलं रीतीने विचारलंस? 'नको होतीस' म्हणालीस तर मी रागावणार नाही. 'हवी होतीस' म्हणालीस तर खूप रडेन, पण तरी येणार नाही.

ता. क. ३. हे वाचून तू फोन करशील. 'अगं, निदान थंडीपुरती तरी ये' म्हणशील, आणि तुझा आवाज ऐकून माझ्या तोंडून पुन्हा 'बघू' निघेल, मी मला ओळखते. फोनवरच्या आर्डिसचं मुळीच ऐकू नकोस. ती फार वळणाची आहे. खरं बोलणारी ही इथे कागदावर आहे.