झाकणासकट

शिरूर,
२१ नोव्हेंबर १९६१

प्रिय शांतवन,

उपदेशकांच्या लेकरांनो, आपल्या साऱ्यांची तक्रार एकच! बाप गावोगाव फिरून स्वर्गातल्या संपत्तीचं कीर्तन करतो, आणि घरी येतो तेव्हा पोरांच्या हातावर ठेवायला साधा बत्तासाही नसतो. हसू नकोस. चार वर्षांनी भावाला पत्र लिहायला बसलो आणि सुरुवात व्यासपीठावरची झाली. जुनी खोड आहे. पण तक्रार तुझीही आहे आणि माझीही. बाबांनी मागे ठेवलं काय? एक कांबळं, एक पायताण आणि पितळी टाळांची जोडी. कांबळ्यावरून आपण भांडलो नाही.

परवाच्या रविवारी देवळात सुगीचा सण झाला. तुला आठवतच असेल. प्रत्येकाने आपल्या घरचं काही आणून वेदीपुढे मांडायचं, आणि उपासना संपली की त्याचा लिलाव. पुकारा करायला अर्थात मीच. शिरुरात माझ्याएवढा आवाज कुणाचा नाही असं लोक म्हणतात, आणि मी त्यांना कशाला खोटं पाडू? यंदा बाजरीची कणसं होती, दोन भोपळे, एक चिडका कोंबडा आणि म्हाताऱ्या रंगुबाईचं तुपाचं गाडगं.

त्याआधी तासभर मी गर्जलो. विषय, माणसाचा खरा ठेवा. कसर, गंज, चोर, कुणालाच सोडलं नाही. "जे तुला सोडवत नाही, तोच तुझा देव!" म्हणून मूठ आपटली, तेव्हा कोंबडासुद्धा गप्प झाला.

मग गाडग्याची पाळी आली. रंगुबाई बसल्या जागेवरून ओरडली, "पाळकसायेब, म्या सोता कढवलंय, जरा जोरात पुकारा!" बाजारात पत्र्याच्या पेट्या करणारे इमामभाई दरवर्षी येतात, तिच्या तुपासाठी. त्यांनी विचारलं, "झाकन बी देनार का?" मी छाती फुगवून म्हणालो, "झाकणासकट! देवाच्या घरी अर्धंमुर्धं काही नसतं!" एक वार, दोन वार, तीन वार. गाडगं त्यांच्या हातात देताना माझी बोटं झाकणावर टेकली. मधल्या भोकात कणकेचा बोळा. काठाला टवका, पाबळच्या उतारावर बाबा घसरले तेव्हाचा. शांतवन, तो बाबांचा टाळ होता. माझ्या वाटणीचा.

मागच्या बाकावर तुझी वहिनी पदरात तोंड खुपसून हसत होती. सकाळी रंगुबाई झाकण मागायला आली, तेव्हा तिने फडताळातून तोच काढून दिला होता. "चार वर्षं लोणच्याच्या बरणीवरच तर होता," घरी आल्यावर म्हणाली, "तुम्हाला कधी दिसला नाही तो?" नव्हता रे दिसला.

मी मात्र तिथेच, भर देवळात म्हणालो, "इमामभाई, झाकण तेवढं राहू द्या." आणि सारी मंडळी एका सुरात ओरडली, "झाकणासकट!" हौशीराम तर बाकावर थाप मारून हसला. म्हणाला, "ज्येला सोडवना, त्यो कोन म्हनला व्हता, पाळकसायेब?" माझाच उपदेश, माझ्याच माथी. इमामभाईंनी टाळ रुमालाने पुसला, नखाने वाजवून पाहिला. ठक्क. मग हळूच म्हणाले, "तुमच्या वडलांचं कीर्तन म्या लई ऐकलंय. तवा ह्यो असा वाजत नव्हता. जोडी आना आन् न्या. एकट्याचं काय, झाकनच व्हनार."

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. बाबांना माती दिली त्या संध्याकाळी तू म्हणालास, बाबांच्या मागे उभं राहून धृपद मी धरलं, टाळ मला हवेत. खरं होतं तुझं. मी तेव्हा पुण्यात व्याख्यानं ठोकत फिरत होतो. पण मी थोरला, मी पाळक! अडकित्त्याने टाळांची दोरी कापली ती मी, आणि वर न्यायाची वाटणी झाली म्हणून सांगितलं. शलमोन राजापुढे उभी असलेली ती खोटी आई माझ्यापेक्षा बरी. मूल कापायला ती नुसतं हो म्हणाली होती.

म्हणून हे पत्र. माझं चुकलं. टाळ दोन्ही तुझे. येत्या रविवारी मी उपदेश करणार नाही (मंडळींनी आत्ताच आनंद व्यक्त केला आहे). बाबांचं कीर्तन उभं करू. टाळ तुझ्या हातात, आणि मागे धृपद धरायला मी. नवी दोरी आणून ठेवली आहे, इमामभाई त्यांच्याकडचं झाकण घेऊन पहिल्या बाकावर बसणार आहेत. तुझ्याकडच्या टाळाचं कशावर झाकण झालंय, ते मी विचारणार नाही. शनिवारी लोकोशेडमधून सुटलास की तो धुऊन पिशवीत घाल आणि दौंडहून शिरूरची एसटी धर. मी स्टँडवर उभा आहे.

तुझाच,
शमुवेलदादा