दोन कार्डं, एकच बोट

३ मार्च

आज पुन्हा इस्त्री धरून उभ्या उभ्या डोळा लागला! लाँड्रीतली वाफ अंगावर आली की मला बाबा दिसतात. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेले. 'दमलो नाही गं, जरा हवा खातोय.' पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. सगळे म्हणाले, वखारीतला भुसा बाधला.

वाचनालयात फुफ्फुसांच्या आजाराची मोफत तपासणी होती. नर्सबाईंनी बाबांचं सगळं ऐकून घेतलं. 'कधीकधी हे जन्मतःच आई-वडिलांकडून येतं. धुळीनं लवकर बळावतं, एवढंच. तुम्ही भावंडं दोघंही तपासून घ्या.' बोटाला टोचायचं, कार्डावरच्या गोलात थेंब टाकायचा. दादाचंही कार्ड घेऊन आले.

४ मार्च

दादा बाबांच्याच करवतीवर आहे. दिवसभर ओंडके कापेल, पण सुई दिसली की पांढराफटक! आई हात धुऊन मागे लागलेली. शेवटी माझ्या कानात म्हणाला, 'माझ्या कार्डावरही तूच टाक ना. एका आईची लेकरं, रक्त काय वेगळं असणार?'

मला हसू आलं. टाकला.

२२ मार्च

रिपोर्ट आले. दोघांनाही आजार नाही! बाबांकडून दोष आलाय, पण एकट्या त्यांच्याकडूनच, आईकडूनही आला तरच आजार होतो म्हणे. आई दादाच्या पाठीवरून नुसता हात फिरवत होती. 'आता करवत माझी आणि मी करवतीचा,' दादा म्हणाला. घर कसं हलकं हलकं झालंय, पाय जमिनीला लागत नाहीत.

२३ मार्च

मी कुठल्या तंद्रीत होते? दोन्ही रिपोर्ट माझेच आहेत. दादाचा आलेलाच नाही!

२६ मार्च

दुपारी स्वप्न. सोनेरी भुसा हळूहळू पडतोय, इतका सुंदर की बघतच राहावं. जिन्यात कोणीतरी बसलंय. बाबाच, म्हणून जवळ गेले — दादा! जागी झाले तेव्हा चादर जळाली होती. मालकीणबाईंनी माझ्या हातातली इस्त्री काढून घेतली.

तिथूनच रिपोर्टवरच्या नंबरवर फोन केला. सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, नर्सबाई फाडून खातील. 'सख्ख्या भावंडांचंही वेगळं निघतं हो. उद्या घेऊन या त्याला, मीच टोचते.'

२७ मार्च

दादानं डोळे घट्ट मिटून टोचून घेतलं. माझा हात मोडायचाच बाकी ठेवला होता. मला भीती वाटतेय. खूप.

१२ एप्रिल

दादाला आहे.

फुफ्फुसं अजून धडधाकट आहेत. 'अगदी वेळेवर आलात,' नर्सबाई म्हणाल्या. त्याचं वखारीत जाणं उद्यापासून बंद. आई रडली नाही. एवढंच म्हणाली, 'ह्यांच्या वेळी कोणी टोचून बघितलं असतं तर?'