विमान जाईपर्यंत

विकुन्या, ५ मे

चि. एलिसेओस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसता हो-हो करतोस, म्हणून डोंगरावर पाव नेणाऱ्या गाडीबरोबर हे पत्र. आईचं हृदय थकलं आहे. बुधवारी रात्रीच्या विमानाने मी तिला सान्तियागोला नेते आहे. त्याआधी खाली ये. उघड्यावर बसून विमानं बघण्याचं काम आठवडाभर दुसरा कुणीही करील. आई विचारते, बाळ लोकरीची टोपी घालतो का? बाळाची चाळिशी उलटली, हे तिला कोण सांगणार?

वाट पाहते आहे.
ओरियाना

डोंगरावरून, ७ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

टोपी घालतो. ताई, हवा हलते म्हणून तारा थरथरतो, फोटो पुसट येतो. आम्ही लेझरने वर एक खोटा तारा लावतो. तो जसा थरथरेल तसा दुर्बिणीचा आरसा वाकतो आणि खरा तारा स्थिर दिसतो. विमान दिसलं की वैमानिकाचे डोळे दिपू नयेत म्हणून लेझर बंद करायचा, हे माझं काम. जोडीदार आजारी आहे, बदली माणूस शनिवारी येईल. रविवारी मी थेट सान्तियागोत. तोवर आईला धरून ठेव.

रागाव, पण माया असू दे.
तुझा एलिसेओ

डोंगरावरून, २२ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

आईच्या आत्म्यासाठी नऊ दिवसांची जपमाळ झाली आणि मी लगेच निघालो. रविवारी पोचलो तेव्हा तू दवाखान्याच्या दारातच उभी होतीस. बुधवारी तुमचं विमान मीच पाहिलं. लेझर बंद केला. आत पडद्यावर तारा विस्कटला, तिथून विचारणा झाली, अजून किती वेळ? मी सांगितलं, विमान जाईपर्यंत. दिवे दिसेनासे झाले तरी बंदच ठेवला. आईसाठी एवढंच केलं. ही नोकरी सोडतो आहे.

क्षमा असावी.
एलिसेओ

विकुन्या, २५ मे

चि. एलिसेओस अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडायची नाही. आईने विमानात खिडकीची जागा मागून घेतली होती. डोंगरावर तुझ्या लेझरची केशरी रेघ दिसली आणि विझली. तिने माझा हात दाबला, म्हणाली, पोराने ओळखलं बघ. मी म्हटलं, ते सगळ्याच विमानांसाठी विझवतात, शाल नीट घे. ती म्हणाली, विझवू देत की, सगळ्यांत कुणाची तरी आई असेलच. मग रेघ पुन्हा उजळते का ते बघत राहिली. आम्ही लांब गेलो तरी उजळली नाही. तेव्हा कुठे तिने डोळे मिटले आणि सान्तियागो येईपर्यंत झोपली.

थंडी वाढली आहे. टोपी घालून बस.
तुझीच ओरियाना